मेदाची थकबाकी

विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि वर्तमानपत्राच्या घडीतून निसटून पायांशी पडणाऱ्या रंगीत चिठोऱ्यांवर जे वाङ्मय अलीकडे बहरास आले आहे, त्यात ‘पंधरा दिवसांत दहा किलो वजन घटवा’ या वाक्याइतके लोकप्रिय वाक्य दुसरे नसावे. कारण हे दहा किलो जमविण्यासाठी ज्याने उभे तारुण्य आणि अर्धे प्रौढपण खर्ची घातले, त्याला त्यांतून एका पंधरवड्यात मुक्त करण्याची हमी आजवर एकाही धर्मसंस्थापकाने दिलेली नाही.

आमचे एक मेहुणे या वाक्यावर लुब्ध झाले. कन्येचा विवाह तोंडावर आला होता, आणि स्वतःच्या लग्नात घातलेल्या बंद गळ्याच्या कोटातच कन्यादान करावे, असा त्यांचा संकल्प होता. कोटाची मात्र या संकल्पाला संमती नव्हती. “भावोजी, आजपासून काकडी आणि ताक, तिसरा पदार्थ नाही,” असे त्यांनी मला बजावले, आणि तीन-चार दिवसांतच काटा दोन किलोंनी उतरल्यावर त्या आनंदाप्रीत्यर्थ आणलेले पेढे आम्हांला वाटून, रिकाम्या पुडक्याचा वास तेवढा स्वतः घेतला.

त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नव्हती. परंतु हिशेब हा हिशेब. मनुष्यदेह ही जुन्या वळणाची मामलेदार कचेरी आहे. तिच्या तळघरात मेदाचा मोहोरबंद खजिना असतो, आणि वर, यकृतात व स्नायूंत, ग्लायकोजेन नावाच्या पिष्टाची अदमासे अर्धा किलो किरकोळ शिल्लक असते. उपासमारीचे फर्मान सुटताच कचेरी खजिन्याबरोबर ही किरकोळ शिल्लकही भराभर उपसते. आणि या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी नांदत असल्यामुळे, पिष्ट गेले की पाणीही बाहेर पडते. तात्पर्य, मेहुण्यांच्या दोन किलोंपैकी बराचसा ऐवज नगरपालिकेच्या गटारात रीतसर जमा झाला होता.

आता खुद्द खजिन्याकडे वळू. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. अर्थात दहा किलोंचे ७७,००० झाले, आणि पंधरा दिवसांत त्यांची वसुली करायची तर रोज ५,१००हून अधिक कॅलरींची तूट हवी. खुर्चीवर बसून सह्या करणाऱ्या आमच्या मेहुण्यांचा दैनिक खर्च फार तर सव्वादोन हजारांचा. म्हणजे त्यांनी पंधरा दिवस अन्नाचा कण जिभेला लावला नाही, तरी जेमतेम सव्वाचार-साडेचार किलोंचीच रक्कम वसूल होणार, आणि उरलेल्या साडेपाच-पावणेसहा किलोंची बाकी नावावर ठेवूनच त्यांना बोहल्यापाशी उभे राहावे लागणार. बरे, इतक्या तातडीच्या जप्तीत कचेरी केवळ मेदच देते असे नाही. स्नायूही विकायला काढते आणि दैनंदिन खर्चाला कात्री लावते, मग माणूस भर दुपारी शाल पांघरून बसतो. शिवाय घाईने मेद वितळू लागला की पित्तात कोलेस्टेरॉल वाढते आणि पित्ताशयात खडे धरण्याचा धोका उद्भवतो. म्हणूनच दिवसाला आठशे कॅलरींच्या आतला आहार वैद्यकीय देखरेखीवाचून करू नये असे डॉक्टर सांगतात, आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो, ही वसुलीची वाजवी गती मानतात.

मल्लांचा दाखला देऊन मेहुण्यांनी माझा प्रतिवाद केला. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्यपदक पटकावले, हे खरेच. परंतु तो घामाचा व्यवहार होता, त्याला अनुभवी प्रशिक्षकांचा पहारा होता, आणि अशा रात्री गेलेले पाणी पुढे पाण्यानेच भरून निघते. त्यापेक्षा लंडनच्या विल्यम बँटिंगचा कित्ता गिरवावा. प्रेतपेट्यांचा आणि अंत्ययात्रांचा हा प्रतिष्ठित व्यावसायिक इतका स्थूल होता की त्याला बुटाचे बंद बांधता येत नसत आणि जिना पाठमोरा उतरावा लागे. साखर, पाव व बटाटे यांना रजा देऊन त्याने सुमारे वर्षभरात एकवीस किलो घटविले, आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ज्याच्या धंद्याला इतरांच्या घाईने बरकत आली असती, त्याने स्वतः मात्र वर्षभर दम धरला, हे विचार करण्याजोगे आहे.

मेहुण्यांच्या व्रताची समाप्ती केळवणांनी केली. मावशींकडच्या पहिल्याच केळवणात श्रीखंड-पुरीसमोर काकडी निष्प्रभ ठरली, आणि दुसऱ्या दिवशी काट्याने दीड किलो परत चढवले. एका पंगतीत दीड किलो मेद साठत नाही, किरकोळ शिल्लक पाण्यासकट पुन्हा जमा झाली एवढेच, हे समजावताना माझा निम्मा दिवस गेला.

चरकाचार्यांनी अतिस्थूलाची गणना आठ निंद्य पुरुषांत केली असली, तरी त्याच्यावरील उपचार सांगताना घाई केलेली नाही. जागरण, व्यायाम, चिंतन आणि आणखी एक गोष्ट, जिचा उच्चार वधूपित्याच्या संदर्भात शिष्टसंमत होणार नाही, ही सर्व क्रमाक्रमाने वाढवावीत, असे त्यांचे सांगणे. यांपैकी पहिली तीन औषधे वधूपित्याला विनामूल्य आणि एकदमच मिळतात. तरीही आमच्याकडचे वधूपिते कृश झालेले आढळत नाहीत. ही क्रमाची अट मोडल्याची शिक्षा, की प्रत्येक चिंतेपाठोपाठ कोणीतरी त्यांच्यापुढे बुंदीच्या लाडवाची बशी सरकवतो त्याचा परिणाम, याचा निवाडा मी वैद्यमंडळींवर सोपवतो.