सुळेवाला पंडित

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पित पात्रं रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक जण असा असतोच, ज्याला सरळ काही पचत नाही. बाकीचे मुकाट्याने एल्फचं पात्र घेतात, त्याच्या हाती धनुष्य देतात आणि खायला काय मागवायचं ते बघतात. हा मात्र कॅरेक्टर शीट पुढे ओढतो, घसा खाकरतो आणि जाहीर करतो, "हाफ-ऑर्क. विझर्ड."

मग थांबतो. कोणीतरी 'का रे बाबा?' म्हणावं म्हणून.

2014च्या नियमपुस्तकात हाफ-ऑर्कला, म्हणजे अर्ध्या माणसाला, अर्ध्या दांडग्या ऑर्कला, जन्मतः मिळतं काय? ताकदीत दोन गुण, दमात एक, अंधारात दिसणारे डोळे आणि दरडावण्याची कला. विझर्डला, म्हणजे पुस्तकी जादूगाराला, लागते बुद्धी. म्हणजे वडिलांनी तालीम बांधून दिली आणि पोरगं निघालं वेदपाठशाळेत. पात्राच्या गुणांना वाटून द्यायच्या ठरलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा, 15, हा बुद्धीला देतो. सगळ्यात लहान, 8, ताकदीला. त्यात वंशाचे दोन मिळवले की झाले 10, म्हणजे चारचौघांइतकी ताकद. दाराच्या चौकटीत न मावणारा, सुळे बाहेर आलेला हा दांडगा प्रत्यक्षात कारकुनाएवढा! चिलखत वापरायचं शिक्षण नाही, जीव मोजणारे हिट पॉइंट आठ. गॉब्लिनचे दोन बाण नीट लागले की कारभार आटोपला.

हे त्याला समजावू नका. तुमच्याआधी त्याला पाठ असतं.

पहिल्या लेव्हलला त्याच्या स्पेलबुकात मंत्र सहाच, पण पूर्वकथा काही संपत नाही. टोळीने हाकललेला, माणसांनी नाकारलेला, कुण्या म्हाताऱ्या जादूगाराच्या ग्रंथालयात फरशी पुसता पुसता शिकलेला. खेळ चालवणारा डन्जन मास्टर मान डोलावतो; हीच कथा त्याने मागच्या खेळात सैतानी वंशाच्या एका टीफ्लिंगकडून ऐकलेली असते.

लढाईत त्याचा खरा क्षण एकच. शून्यावर जाऊन कोसळायच्या ऐवजी हाफ-ऑर्क एका हिट पॉइंटवर तग धरू शकतो. लांब विश्रांती होईपर्यंत एकदाच. आमचे पंडित संध्याकाळभर त्याचीच वाट पाहतात. पोटात भाला घुसला की बाकीचे हळहळतात, हे टाळी मागतात.

शिवाय इतिहास. 1978च्या पुस्तकात हाफ-ऑर्कला जादूगार होण्याची परवानगीच नव्हती. 2000 साली परवानगी मिळाली, पण बुद्धीतून दोन गुण कापून. हे सगळं तो पिझ्झा गार होईपर्यंत सांगतो, जणू बंदीविरुद्धचा मोर्चा यानेच काढला होता.

खरा घात केला 2024च्या पुस्तकाने. गुणांची वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली, म्हणजे ऑर्कही हवा तेवढा हुशार. वर हाफ-ऑर्क यादीतूनच गेला. अन्याय संपला आणि याचा धंदा बसला. आता तो ठणकावतो, "आपल्या टेबलावर जुनंच पुस्तक चालणार!"

असा गडी भेटला तर जागा जरूर द्या. पाचव्या लेव्हलला त्याला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, मिळतो. तोवर त्याला तुमच्या मागे उभा करा, आणि मिळाला की तुम्ही त्याच्या मागे उभे राहा.