गुरुजींचा सौदा

गुरुजींच्या देखत कोणी निर्णय घेऊ नये. रामाकोन्यात हे आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. स्टँडवरच्या टपरीवर तुम्ही नुसता 'फुल' सांगितला, तरी बाकावरून आवाज येतो, "कट, फुल आणि स्पेशल असे तीन ठेवले म्हणून तू मधला घेतला. दोनच असते तर कट घेतला असता." चहावाला ऐकून घेतो. गुरुजी स्वतः कायम मधलाच घेतात.

सौंसरहून छिंदवाड्याला निघालात की सिल्लेवानीचा घाट लागण्याआधी आमचं गाव लागतं. जवळून कन्हान वाहते. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, २०२३पासून पांढुर्णा आहे. सरकारी कागद हिंदीत आणि भांडण मराठीत, असा इथला रिवाज. गुरुजींनी इथे जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्यांच्या मोबाइलवर काही भाषणं लावून दिली, पाठोपाठ एक जाड पुस्तकही पाठवलं. तोवर गुरुजी लोकांच्या फक्त गणितातल्या चुका काढत. आता अभ्यासक्रम वाढला.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की ही नावं ते अशी घेतात, जसे काही दोघेही मोहगावचे जावई. या दोघांनी १९७९ साली मांडलं की शंभर रुपये सापडल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख एका वजनाचं नसतं. दुःखाचं पारडं बरंच खाली जातं. हे आमच्या गावात कोणालाही सांगता आलं असतं, पण कानेमनना त्याबद्दल २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे याच वाटेने गेलेल्या रिचर्ड थेलरना २०१७ मध्ये मिळालं. माणूस हिशेबाने वागत नाही, पण त्याच्या चुकांना मात्र हिशेब असतो, आणि तो कळला की त्याच्यापुढे निवड अशी मांडता येते की तो आपणहून शहाण्यासारखा वागेल. गुरुजींच्या नव्या धर्माचं सार एवढंच.

धर्म म्हटला की व्रतवैकल्यं आलीच. लहान ताटात वाढलं की माणूस कमी जेवतो, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाचं म्हणणं गुरुजींच्या वाचनात आलं आणि त्यांच्या घरची सगळी ताटं माळ्यावर गेली. पाहुण्यांना बशीएवढ्या थाळीत वरणभात वाढला जाऊ लागला. व्याही एकदाच आले. मग कोणीतरी गुरुजींना दाखवलं की त्या प्राध्यापकावर विद्यापीठानेच २०१८ मध्ये गैरवर्तनाचा ठपका ठेवला आहे आणि त्याचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले आहेत. गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी ताटं खाली आली, आणि काकू सांगतात की त्या रात्री ते पाच पोळ्या जेवले.

पण त्यांना नुसतं हसण्यावारी नेणं बरोबर होणार नाही. त्यांच्या एका कामाने गावाचं खरंच भलं झालं. त्याचं मूळ असं: एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम केनियात मका पेरणाऱ्यांना एक साधी सोय करून दिली होती. पीक विकून पैसे हातात आले, की तेव्हाच पुढच्या हंगामाच्या खताचे पैसे भरून टाकायचे. खत वेळेवर घरी येईल, पोचवायचे वेगळे पैसे नाहीत. तेवढ्याने खताचा वापर इतका वाढला, की ऐन पेरणीच्या वेळी खताची किंमत निम्मी केली असती तरी साधारण तेवढाच वाढला असता. खत घालावं हे त्या कास्तकारांना पटलेलंच होतं. पेरणीपर्यंत पैसा उरत नव्हता, इतकंच. तामिळनाडूच्या ऊसवाल्यांची गोष्टही गुरुजी सांगतात. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना, बुद्धीची कोडी घातली आणि तोडणीनंतर पुन्हा घातली. आधीच्या खेपेला उत्तरं जास्त चुकली. २०१३ मध्ये हे छापून आलं. "पैसा नसला की अक्कलही उधारीवर चालते," हे त्यावरचं गुरुजींचं भाष्य.

केनियाचं वाचल्यापासून कोणाच्या संत्र्याच्या बगिच्याचे पैसे व्हायचे असले की गुरुजी छत्री आणि वही घेऊन तिथे हजर. व्यापाऱ्याने नोटा मोजून दिल्या की कास्तकार त्या खिशात घालण्याआधी गुरुजी विचारतात, "खताचे काढले?" माणूस मनातल्या मनात शिव्या देतो आणि काढून देतो. पैसे त्याच दिवशी दुकानात जमा, पावती वहीत चिकटवलेली. जून महिन्यात जे लोक सावकाराच्या ओट्यावर दिसायचे, त्यातले पाच-सात तरी आता दिसत नाहीत. शिव्या अजून देतात.

सगळीकडे मात्र ही मात्रा चालत नाही, आणि हे गुरुजींना ठाऊक आहे. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात. दगडांऐवजी प्रशासनाने एकदा रबरी चेंडू आणून ठेवले होते. लोकांनी ते बाजूला सारले आणि गोटे उचलले. कोणी टपरीवर मुद्दाम विचारतं, "गुरुजी, तुमचा थेलर यावर काय म्हणते?" गुरुजी कपातला उरलेला चहा पाहत बसतात. समोरच्या काठावर सावरगाववाले उभे असताना चेंडू कोण फेकेल, हे त्यांनाही कळतं.

आता त्यांच्या बगिच्याकडे वळू. अडीचशे झाडं, त्यातली निम्मी म्हातारी, काहींना डिंक्या लागलेला. नवीन कलमं लावायची तर ही काढावी लागतील. "आजवर घातलेला पैसा गेलेलाच असतो, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय करू नये," हे गुरुजी साऱ्या गावाला बजावतात. स्वतःच्या डिंक्या लागलेल्या झाडाला मात्र बोर्डो लावतात आणि म्हणतात, "याच्यावर लई खर्च झाला आहे."

आंबिया बहाराची फळं फुगायला लागली की व्यापारी बगिचे पाहत फिरतात. उभा बगिचा उक्ता घेतात, इसार देतात, तोडा त्यांचा. गेल्या साली वरूडकडचा एक व्यापारी आला. बांधावर टेकला, एक हिरवं फळ तोडून सोललं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "नव्वद हजार."

गुरुजी हसले. "हा तुम्ही नांगर टाकला. पहिला आकडा मुद्दाम खालचा सांगायचा, म्हणजे समोरचा त्याच्याच भोवती फिरते."

"नांगर नाही जी. भाव सांगून राहिलो."

मग गुरुजींनी त्याला चाकाचा प्रयोग सांगितला. कानेमन-ट्वर्स्कींनी आकड्यांचं एक चाक फिरवलं होतं. ते दहावर किंवा पासष्टावरच थांबावं, अशी आतून सोय केलेली. मग विचारलं, की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश शंभरात किती? ज्यांना दहा दिसले होते त्यांचं उत्तर पंचविसाच्या आसपास, ज्यांना पासष्ट दिसले त्यांचं पंचेचाळीसच्या. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही, हे समोर बसलेल्याला उघड दिसत असून! व्यापाऱ्याने सगळं मन लावून ऐकलं, दुसरं फळ सोललं आणि विचारलं, "मग तुमचा आकडा किती?"

गुरुजी घरून निघताना दोन लाख चाळीस ठरवून निघाले होते. तोंडातून आलं, "एक साठ."

"लोधीखेड्यात परवा याच्यापेक्षा मोठा बगिचा एक वीसला झाला."

"हे तुम्ही मले दुसऱ्याचं उदाहरण देऊन राहिले. दुसरे करतात म्हणून आपण करावं, अशी माणसाची खोड असते."

"बरोबर आहे जी. तुमच्यासारखं कोणी समजून सांगत नाही. एक तीस. आताच इसार देतो."

इथे देऊन टाकायचं. पण गुरुजींना तो एक सुगीचा साल आठवला, ज्या साली याच बगिच्याचे दोन लाख झाले होते. त्यापेक्षा खालचा प्रत्येक आकडा त्यांना तोटाच दिसतो. ते म्हणाले, "पाहू." व्यापारी गेला. पुढच्या पंधरवड्यात पाऊस आला, फळगळ सुरू झाली. गुरुजी रोज सकाळी झाडाखालची फळं मोजून वहीत मांडत. शेवटी बगिचा एक दहाला गेला. आपल्या चुकीचं शास्त्रीय नाव काय, हे त्यांनी टपरीवर अर्धा तास समजावून सांगितलं.

यंदा त्यांनी उपाय केला. नुसतं कळून भागत नाही, आपले हात आधीच बांधून ठेवावे लागतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. दंडाची रक्कम अशा माणसाला जावी, ज्याला ती जाताना आपला जीव जळेल. तसा माणूस शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशी गुरुजींचा दीड हात जागेवरून जुना वाद आहे. गुरुजींनी कागद केला: दीड लाखाचा भाव आला आणि त्याच दिवशी मी इसार घेतला नाही, तर शेजाऱ्याला रोख पाच हजार देईन. सही केली, दोन साक्षीदार घेतले आणि कागद चहावाल्याच्या गल्ल्यात ठेवला.

यातली खोट माझ्या लक्षात आली होती, पण गुरुजींना सांगणार कोण? टपरीवरचा कागद म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण. दोन दिवसांत ती बातमी वरूडला पोचली. व्यापारी आला, बांधावरही न टेकता म्हणाला, "दीड लाख." त्यावर एक रुपया चढवायला तयार होईना. आजूबाजूचे बगिचे यंदा एक सत्तर, एक ऐंशीला जात होते. गुरुजींनी वीस मिनिटं त्याचं मन वळवून पाहिलं. तिकडे धुऱ्यावर शेजारी येऊन उभा होता. गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि इसार घेतला.

गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, शास्त्राने म्हाताऱ्याचे वीस-तीस हजार घालवले. दुसरा म्हणतो, गेल्या साली एक दहा आले होते, यंदा चाळीस हजार जास्त आले आणि फळं मोजत बसावं लागलं नाही. मी दुसऱ्या तटात आहे. गुरुजी स्वतः दोन्हींकडून बोलतात.

खरा दुखावला आहे तो शेजारी. कागद झाल्याच्या दिवशीच त्याने पाच हजार मनाने खर्च केले होते. विहिरीवरची मोटर जळली होती, ती सौंसरला भरायला टाकली, दुकानदाराला सांगून ठेवलं की गुरुजींचे पैसे येणार आहेत. आता तो भेटेल त्याला सांगतो, "माझे पाच हजार बुडवले." गुरुजींना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते धुरा ओलांडून गेले आणि त्यांनी त्याला कपांचा प्रयोग सांगितला. कॉर्नेलमध्ये अर्ध्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे कप वाटले, मग विकायला सांगितलं. घेणारे जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या जवळपास दुप्पट हे मागायला लागले. का, तर कप आता आपला झाला होता. "तुझ्या हातात तर कपही आला नव्हता," गुरुजी म्हणाले, "तरी तुले तो फुटल्याचं दुःख होऊन राहिलं."

शेजाऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते बरोबर आहे जी गुरुजी," तो म्हणाला. "पण मोटरीचे अर्धे तुम्ही द्या."