सूनबाईंचं गेव्हेर्बे

या वहिनी, इकडे भिंतीपाशी या, तिथे ऊन लागतंय तुम्हाला. हो हो, परवा रात्रीच उतरले. नव्वद दिवस भरले की घरी, वर एक दिवस ठेवून घेत नाहीत ते लोक. स्टुटगार्ट कसं म्हणताय? छानच आहे, पण मी काही राजवाडे बघत हिंडले नाही. मी बसले होते चकल्यांपाशी. हसू नका! आमच्या सूनबाईंनी फराळाचा धंदा काढलाय तिथे. रीतसर नोंद करून. 'गेव्हेर्बे' म्हणतात त्याला. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरीला कुठला आजार झाला की काय.

आणि बसले होते म्हणजे नुसती बसलेच होते हो. सोऱ्याला हात लावू दिला नाही तिने मला. म्हणे, "आई, तुमचा व्हिसा पाहुण्याचा, तुम्ही काम केलेलं चालत नाही." अहो, मणभर भाजणी दळलेली बाई मी, आणि स्टुलावर बसून 'मोहन कमी पडलंय', 'तेल अजून तापू दे' एवढंच बोलायचं! तोंडाला व्हिसा लागत नाही, तेवढं बरं.

कल्पना मुळात लेकाची. तो गाड्यांच्या कंपनीत. पुण्याची पोरं तिकडे ढिगाने आहेत, चाकणच्या मर्सिडीजचं माहेर तेच ना, आणि बॉशचंही. तर तो म्हणाला, माझ्याच नावावर काढू. पण त्याच्याकडे ते ब्लू कार्ड. ते नोकरीसाठी दिलेलं, जोडीला स्वतःचा धंदा करायचा तर परदेशी लोकांच्या कचेरीची वेगळी परवानगी. आणि सूनबाई, जी नुसती 'नवऱ्याबरोबर आलेली', तिच्या कार्डावर मात्र सरळ छापलेलं की हिला कमवायला मुभा आहे, मग नोकरी करो की धंदा! इतकी वर्षं एम. कॉम. होऊन घरात बसली, जर्मन चांगलं येत नाही म्हणून कुठे नोकरी नाही, आणि परवाना पाकिटात पडलेला. कोणी वाचलाच नव्हता. मी लेकाला म्हटलं, तू इंजिनिअर कसला रे?

नोंदणीचं म्हणाल तर काहीच नाही. नगरपालिकेत एक फॉर्म, फी प्रत्येक शहरात वेगळी, वीस ते साठ युरोंच्या घरात. तुमच्या ह्यांनी दुकानाच्या कागदांसाठी किती खेटे घातले होते, आठवतंय ना? ही दुपारच्या जेवणाला कागद घेऊन घरी. मला वाटलं झालं, आता नारळ फोडा. कसलं काय! मग आयकराचं खातं, त्याचा फॉर्म संगणकावर. त्यात शिरायची अर्धी किल्ली ई-मेलने येते आणि उरलेली अर्धी पोस्टाने, पाकिटातून! पोस्टमनची वाट बघत बसायची ती पोर. विक्री वर्षाला २५,००० युरोंच्या आत असली तर बिलात व्हॅट लावावा लागत नाही, ही हद्द २०२५ पासूनची. तेवढं एक सुख.

मग यादी. तिला नानकटाई आणि खारीही करायची होती. पण तिथे बेकरी आणि केक-मिठाई ही कारागिरांची कामं, 'माइस्टर' असल्याशिवाय दुकान घालता येत नाही. माइस्टर म्हणजे वर्षानुवर्षं शिकून परीक्षा दिलेला. तिने कारागिरांच्या मंडळाला पत्र लिहून विचारलं, हा लाडू तुमच्यात बसतो का? आता लाडू म्हणजे काय ते त्यांना समजवायचं! भाजलेलं बेसन, तूप, साखर, फोटोसकट सगळं लिहून पाठवलं. शेवटी नानकटाई आणि खारी काढून टाकली, लाडू-चकली-शेव राहिली.

स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. घरच्या ओट्यावर विकायला करायचं तर तपासणी करणारे येऊन बघणार. एकाच सिंकमध्ये पोरांचे डबे आणि धंद्याची पातेली, कसं जमायचं? मग गावातल्या फुटबॉल क्लबाचं स्वयंपाकघर मिळालं, तासावर भाड्याने. स्वच्छ हो, आरशासारखं. भिंतीवर हे एवढे कप, आणि खाली आमची कढई. शिवाय आरोग्य खात्याची शिकवणी घ्यावी लागली तिला. जुलाब, उलट्या, हाताला जखम असेल तर अन्नाला हात लावायचा नाही, हे ऐकून सही केल्याचा दाखला. आपल्या आजेसासूबाई एवढं सगळं बिनसहीचं सांगायच्या.

नाही नाही, इथून पाठवून भागत नाही. तूप आलं की संपलं. दुधातुपाचं काही बाहेरच्या देशातून पार्सलने किंवा बॅगेतून न्यायला युरोपात बंदी आहे. म्हणून तर तिकडे केलेल्या लाडवांना भाव!

आता खरी गंमत सांगते. गिऱ्हाईक. मला वाटलं, आपली मराठी माणसं उड्या मारतील. मारल्या की, पण कशा? "घरचंच आहे ना, मग एवढे युरो?" एक बाई तर म्हणाली, पुण्यात अर्धा किलो एवढ्यात येतो. मग घे की पुण्यात! तेल तिथलं, भाडं तिथलं, डब्यासाठीसुद्धा पॅकिंगच्या सरकारी यादीत नाव घालावं लागतं, आणि त्या पॅकिंगच्या विल्हेवाटीचे वेगळे पैसे. त्यापेक्षा शेजारचे जर्मन बरे. लाडवाकडे बघत नाहीत, फार गोड म्हणतात. पण चकली! बिअरबरोबर अशी कुडुम कुडुम खातात, पिशव्याच्या पिशव्या नेतात. भाव विचारत नाहीत, फक्त यात काय काय आहे ते विचारतात.

आणि दुसरी एक आहे. नाव नाही घेत. त्याच गावातली, आपल्याच सदाशिव पेठेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर पुरणपोळ्या विकते. नोंद नाही, कर नाही, लेबल नाही, पैसे हातात. तिची पोळी आमच्या सूनबाईंच्या चकलीपेक्षा स्वस्त पडणारच ना! मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघी शेजारी बसतात, अगदी गोड गोड बोलतात.

तर गणपतीच्या आठवड्यात कोणीतरी तक्रार केली. निनावी. आणि माणूस कुठे आला? आमच्याकडे! कारण पत्ता कोणाचा आहे सरकारकडे? जिने नोंद केली तिचा. मी स्टुलावर, हात मांडीवर, चेहरा असा की मी बाई फक्त पाहुणी. उंच माणूस, हातात थर्मामीटर. फ्रिज बघितला, हात धुवायचं वेगळं बेसिन बघितलं, दाखला बघितला. मग चकलीचं पाकीट उचललं आणि बोट ठेवलं. काय, तर तीळ! चौदा पदार्थांची यादी आहे म्हणे, ज्यांनी लोकांना अ‍ॅलर्जी येते. गहू, दूध, शेंगदाणे, तीळ वगैरे. लेबलवर ते उठून दिसायला हवेत, आणि हिचे तीळ साध्या अक्षरात. एवढी एकच चूक सापडली. मी एक चकली पुढे केली, तर एकदम मागे सरला, जशी काही लाच देतेय. सूनबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. जाताना मात्र म्हणाला, लेबल दुरुस्त करा, मग येऊन विकत घेईन. आणि आला हो! दोन पाकिटं नेली, पावती मागून.

पैसे सुटतात का? सुटतात, पण त्यातही मेख आहे. ती लेकाच्या आरोग्य विम्यात फुकट बसलेली. महिन्याचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं (२०२५ मध्ये ती ५३५ युरो होती) की तिने स्वतःचा हप्ता भरायचा, आणि तो काही थोडाथोडका नसतो. दिवाळीच्या ऑर्डरी आत्तापासून यायला लागल्यात. लेक वही घेऊन बसतो, म्हणतो ऑर्डरी थांबव, हद्दीत राहा. ती म्हणते, हप्ता भरीन पण थांबणार नाही. रोज रात्री जेवताना हेच. मी तिच्या बाजूने. इतकी वर्षं हद्दीतच तर होती.

तुमच्या भाचीचं म्हणताय? जाणार आहे का तीही? पार्लरचा कोर्स केलाय ना तिने? मग ऐका, केस कापायचं दुकान नको. तेही माइस्टरचंच काम, नाहीतर इथली पात्रता तिथे मान्य करून घ्यावी लागते. भुवया करणं, फेशियल, त्याला तशी अट नाही. पण आधी तिच्या कार्डाचा फोटो मागवा, त्यावर काय छापलंय बघू, मग पुढचं.

काय? तक्रार कोणी केली? मला काय ठाऊक! सूनबाईंचा संशय आहे, पण ती बोलत नाही. आणि ती पुरणपोळीवाली उलट म्हणते, माझ्यावर कोणीतरी करणार होतं, ते चुकून तुमच्याकडे आलं. आता बोला! मी तिच्याशी बोलणं टाकणारच होते, पण निघायच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांचा वाढदिवस होता, पोळ्या तिच्याकडूनच मागवल्या. पुरण अगदी कडेपर्यंत, वहिनी. खोटं कशाला बोलू?