हितचिंतक, कोथरूड

एक दिग्दर्शिका दोन बायकांच्या प्रेमावर मराठी सिनेमा काढतेय. पैसा लोकवर्गणीचा. वर्गणी द्या, श्रेयनामावलीत नाव झळकेल. एरवी एवढ्यावर मराठी माणूस पाघळतो. देवळाला पंखा दिला तर पात्यांवर वडिलांचं नाव रंगवून घेतो; पंखा फिरला की वडील दिसेनासे होतात, तरी त्याची हरकत नसते. इथे मात्र पाच हजार पाठवून लगेच फोन: "मॅडम, विषय फारच धाडसी हं! फक्त नाव तेवढं नको."

यादी बघण्यासारखी झालीय. हितचिंतक, ठाणे. हितचिंतक, नाशिक. हितचिंतक, कोथरूड. कोथरूडचे दोन निघाले, म्हणून एकाच्या पुढे गल्लीचं नाव घालायचं ठरलं, तर गृहस्थ हादरले; गल्लीत सगळे ओळखतात म्हणे. एका काकांना आद्याक्षरं चालतील, पण उलट्या क्रमाने. एका बाईंनी नवऱ्याचं नाव सुचवलं, नवऱ्याने मेहुण्याचं. मेहुणा अमेरिकेत असतो, त्याला चालतं. त्याला विचारलंय का? नाही. २०१८ साली ३७७ कलमाचा निकाल लागला त्या दिवशी याच मंडळींचे डीपी इंद्रधनुषी झाले होते. डीपीला पैसे पडत नाहीत.

निर्माते नाव द्यायला तयार आहेत, पण मध्यंतरापर्यंत गोष्टीत एक मुलगा आणा म्हणतात. 'ए' सर्टिफिकेट मिळालं तर सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही, मग वसुली कुठून, हा त्यांचा हिशेब. तो खोटा नाही. पण याच हिशेबी माणसांकडे गडावर घोडे दौडवायला दरवर्षी पैसा कुठून येतो? तेच घोडे, तीच धूळ, तीच संगणकावरची आग! घोड्याला रोजचं भाडं, चंदी वेगळी. आणि या दोन नट्यांना सांगायचं, विषयासाठी करा, मानधनाचं पुढे बघू. घोड्याला कधी कुणी म्हणालंय, बाबा रे, विषयासाठी धाव? १९८२ च्या 'उंबरठा'त आश्रमातल्या दोघींचं नातं येऊन गेलं. तो सिनेमा बघितलेल्यांना आता नातवंडं झाली, तरी यांचा प्रेक्षक अजून 'तयार नाही'!

सरळ बोलला तो एकटा लाइटवाला. कथा विचारली नाही, नट्या विचारल्या नाहीत.

"रात्रीची शिफ्ट? मग रेट दीडपट. जनरेटरचं डिझेल आगाऊ. बिल कुणाच्या नावाने करू?"