दिवा रेल्वेचा, अंधार चौकाचा

काशी-रामेश्वराची प्रवासवर्णनं मराठीत उदंड झाली. स्वारगेटहून टिळक रस्त्याने डेक्कनला जाण्याच्या जेमतेम तीन किलोमीटरच्या यात्रेला मात्र अजून लेखक मिळालेला नाही. वास्तविक या यात्रेत काय कमी आहे? रांग आहे, धक्काबुक्की आहे, ‘पुढे चला, पुढे चला’चा गजर आहे आणि चौकाचौकात तीन डोळ्यांचा देव उभा आहे. देव धडधाकट असतो तोवर भाविक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्याचं बिनसलं की मग खरी यात्रा सुरू होते.

बिघडलेल्या सिग्नलच्याही जाती आहेत. पूर्ण बंद पडलेला सिग्नल त्यातल्या त्यात सज्जन, कारण तो खोटं बोलत नाही. पिवळा डोळा मिचकावत राहणाराही तसा प्रामाणिक. हळू जा, बघून जा, एवढंच सांगतो. शून्यापर्यंत मोजून पुन्हा नव्वदपासून सुरुवात करणारा खोडकर म्हणायचा. सगळ्यांत वाईट तो लालवर अडकून बसलेला. त्याच्यापुढे कायदा पाळणारा माणूस एकटा पडतो. थांबावं तर मागचे हॉर्न त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. निघावं तर वरचा कॅमेरा टिपतो आणि मोबाइलवर चलन येऊन पडतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा लाल दिवा ओलांडणं हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात नाव घेऊन घातलं गेलं. दिवाच आजारी असेल तर माणसाने किती वेळ थांबून मग निघावं, याचं उत्तर चौकात उभ्या असलेल्या कोणालाही देता येत नाही.

गंमत अशी, की हे उत्तर शोधायला फार लांब जायला नको, शिवाजीनगर स्टेशन जवळच आहे. रेल्वेच्या नियमांत त्याची तरतूद आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर चालकाने गाडी उभी करायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघायची आणि तरीही लालच असेल तर शिटी देऊन पुढच्या सिग्नलपर्यंत अगदी बेताच्या वेगाने जायचं. शेकडो माणसं घेऊन धावणाऱ्या यंत्रणेने दिवा बिघडणार हे आधीच गृहीत धरलं आहे. रस्त्याने मात्र ते धरलेलं नाही, आणि याला थोडा इतिहासही आहे. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनला, पार्लमेंटजवळ लागला. तो लावला जॉन पीक नाइट या रेल्वेच्याच अधिकाऱ्याने. लाल-हिरवे गॅसचे दिवे आणि रेल्वेसारखे वर-खाली होणारे हात. महिनाभरात गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस भाजला. म्हणजे जगातला पहिला सिग्नल हाच पहिला बिघडलेला सिग्नल. रस्त्याने रेल्वेकडून दिवा उसना आणला, पण दिवा बिघडल्यावर काय करायचं ते आणायचं राहून गेलं.

दुसरी राहून गेलेली गोष्ट म्हणजे नंबर. रुळालगतच्या विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते दोन आकड्यांत सांगता येतं. अमेरिकेत रेल्वे फाटकावर निळी पाटी असते आणि तिच्यावर फोन नंबर आणि फाटकाचा क्रमांक असतो. आपल्या चौकातल्या खांबावर क्लासची जाहिरात असते, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, ‘भाड्याने देणे आहे’ असतं. खांब कोणाचा, ते मात्र नसतं. दिवा महापालिकेचा, शिस्त वाहतूक पोलिसांची, वीज महावितरणची आणि केबल तोडणारी खोदाई कोणाचीही! फोन लागलाच तर पलीकडून विचारतात, ‘कुठला सिग्नल?’ अलका टॉकीज चौकात टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल एकमेकांना भिडतात. तिथल्या नेमक्या कुठल्या खांबावरचा कुठला दिवा, हे शब्दांत सांगायला घेतलं तर कीर्तनाला पूर्वरंगच पुरायचा नाही. सांगणारा थकतो, ‘कोणीतरी कळवलंच असेल’ म्हणून गप्प बसतो, आणि बाकीचे हजारजणही नेमकं हेच म्हणत असतात.

यावर शहाणी माणसं म्हणतील, आपल्याकडे चालू सिग्नल कोण पाळतो, की बंदची काळजी करावी? पण न पाळणाऱ्याला बंद सिग्नलने काहीच फरक पडत नाही. त्रास होतो तो पाळणाऱ्याला, आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजींना. दुसरे म्हणतील, सिग्नल हवेतच कशाला? भूतानमधल्या थिंफूने दिवे लावून काढून टाकले. नेदरलँड्समधल्या ड्राख्टन गावाने मोठ्या चौकातले दिवे काढले आणि तिथली वाहतूक सुधारली. खरं आहे. मात्र थिंफूत दिव्याच्या जागी पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा राहिला आणि ड्राख्टनने चौक नव्याने बांधला. आपण दिवा काढला तर त्या जागी पाणीपुरीची गाडी येईल, जी चविष्ट असली तरी वाहतूक नियंत्रित करत नाही. तिसरा आक्षेप खरा मराठी आहे: पाटी लावली तरी तिच्यावर कोणीतरी फ्लेक्स बांधणारच. मग पाटी नको. खांबावरच, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, रंगाने नंबर लिहा. रेल्वे तेच करते आणि त्याला निविदा काढण्याइतका खर्च येत नाही. (कदाचित म्हणूनच होत नसावं.)

नंबर रंगवला जाईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती, की ‘तुमचा सिग्नल बंद आहे’ असं मोघम कळवू नका. चौकाचं नाव, कुठून कुठे जाणाऱ्यांसाठीचा दिवा, कोणता रंग अडकलाय आणि किती वाजता पाहिला, हे चारही तपशील द्या. महापालिका आणि वाहतूक शाखा, दोन्हीकडे द्या. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. आणि हे सगळं गाडी कडेला लावून करा.