एंटरप्राइजचा सातबारा

ज्या गृहस्थांना सख्ख्या चुलत्याचे जन्मगाव विचारले असता आत हाक मारून खात्री करून घ्यावी लागते, तेच गृहस्थ ‘स्टार ट्रेक’मधील एंटरप्राइज या अंतराळयानाचा कॅप्टन जेम्स टी. कर्क हा अमेरिकेच्या आयोवा राज्यात २२३३ सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस जन्माला येणार आहे, हे पत्रिका पुढ्यात उघडी असल्यासारखे सांगतात, तेव्हा मानवी स्मरणशक्ती ही आप्तांपेक्षा आवडत्यांची चाकरी अधिक इमानाने करते, हे कबूल करणे भाग पडते. आयोवातील रिव्हरसाइड नावाच्या हजारेक वस्तीच्या गावाने तर १९८५ साली या कर्कचे भावी जन्मस्थान आपणच असल्याचे रीतसर जाहीर केले व तशी शिळाही बसविली. जन्मास जवळजवळ अडीचशे वर्षे अवकाश असलेल्या पुरुषाचे स्मारक उभारण्याइतकी दूरदृष्टी आमच्याकडील पंचायतींत आढळत नाही. आमच्याकडे होऊन गेलेल्यांचीच स्मारके निधीअभावी जोत्यापाशी थांबलेली असतात.

असे सर्व सुरळीत चालले असता २००९ सालच्या मे महिन्यात जे. जे. अब्राम्स या दिग्दर्शकाने जुन्या पात्रांना नवे नट देऊन कथा मुळापासून पुन्हा मांडली, आणि मांडताना कर्कला आयोवात जन्मूच दिले नाही. आई जीव वाचविण्यासाठी पळणाऱ्या यानात बाळंत होते, बाप आपले जहाज शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळतो, आणि मूल निर्वात पोकळीत पहिला टाहो फोडते. रिव्हरसाइडच्या शिळेचे काय करावे, याचा खुलासा चित्रपटात नाही.

ही बाब आमच्या मंडळाने फार मनाला लावून घेतली. मंडळ म्हणजे तीन निवृत्त पुरुष व एक पुतणी. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक स्नेही, साखर कारखान्यांची यंत्रे बसविण्यात हयात घालविलेले एक इंजिनिअर, मी स्वतः, आणि आम्हा तिघांच्या वयाची बेरीज सांगून आम्हांस गप्प करणारी माझी पुतणी. तिघा वडीलधाऱ्यांचा या विषयाशी संबंध ऐंशीच्या दशकात आला, जेव्हा दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका दाखवीत असत आणि पारोशी मंडळी शेजाऱ्यांच्या बैठकीत, दूरचित्रवाणी संचाची लाकडी दारे उघडण्याची वाट पाहत, सतरंजीवर दाटीने बसत असत. त्यातले इंग्रजी समजणारे आमच्या वाड्यात दोघेच होते, आणि तेही एकमेकांशी सहमत नसत. परंतु स्पॉकची एक भुवई वर गेली की काहीतरी अतर्क्य घडले आहे, एवढे आमच्या आजीलाही उमगत असे. विल्यम शॅटनरचा कर्क, लिओनार्ड निमॉयचा स्पॉक आणि डीफॉरेस्ट केलीचा चिडका डॉक्टर मॅकॉय हे त्रिकूट असे आमच्या घरात आले, आणि एकदा घरात आलेल्या पाहुण्यावर घरच्यांचा हक्क लागू होतो, हे कोणत्याही पुणेकरास सांगावयास नको.

या हक्काचा कायदेशीर पाया अव्वल कारकुनांनी शोधून काढला. त्यांच्या मते ‘स्टार ट्रेक’च्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून पॅरामाउंट कंपनीचे नाव खुशाल असो, प्रेक्षक हे त्या जमिनीतील जुने कूळ आहे. “जीन रॉडनबेरीने जमीन १९६६ साली लागवडीखाली आणली,” ते सांगू लागतात, आणि त्यांचा स्वर आपोआप कचेरीतला होतो. “एन.बी.सी. वाहिनी दोन हंगामांनंतर ती पडीक टाकणार होती. तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम पदरात पाडून घेतला. १९६९ साली एकूण ७९ भागांवर मालिका बंद झाली, तरी पुढे दहा वर्षे, १९७९ चा पहिला चित्रपट येईपर्यंत, ती जमीन कसली कोणी? मेळावे कोणी भरवले? १९७६ साली अमेरिकी सरकारच्या पहिल्या शटल यानाचे नाव बदलून एंटरप्राइज ठेवायला लावणारे अर्ज कोणी केले? कुळांनीच ना? मग १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचे तत्त्व इथे का लागू होऊ नये?”

मुंबई कूळकायद्याचा अंमल कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचत नाही, ही क्षुल्लक हरकत मी एकदाच घेतली. त्यावर त्यांनी, तलाठ्याकडे उशिरा आलेल्या खातेदाराकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले आणि आपला मुख्य आक्षेप मांडला: कर्कच्या जन्मस्थळापासून स्पॉकच्या व्हल्कन ग्रहापर्यंत एवढा मोठा फेरफार मंजूर झाला, परंतु हितसंबंधीयांस नोटीस बजावली गेली नाही.

वास्तविक अब्राम्स व त्याचे लेखक यांनी या बाबतीत जी युक्ती योजिली ती कोणाही मुरलेल्या फडणिसास शोभण्याजोगी होती. नीरो नावाचा सूडाने पेटलेला एक रोम्युलन खाणकामगार भविष्यातून भूतकाळात येतो, त्याच्या आगमनामुळे इतिहासाचा प्रवाह दुभंगतो, आणि इथून पुढे जे काही वेगळे घडेल त्याचे खापर त्या बिचाऱ्याच्या माथी फोडता येते. जुना इतिहास पुसला जात नाही. तो आपल्या जागी अबाधित राहतो. “म्हणजे पोटहिस्सा पाडला,” अव्वल कारकून नाइलाजाने म्हणाले. “सर्व्हे नंबर तोच, हिस्सा एक जुना, हिस्सा दोन नवा.” आणि या वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून खुद्द निमॉयला, वृद्ध स्पॉकच्या रूपाने, आणून उभे केले होते. त्या वृद्ध चेहऱ्याकडे पाहून, घरातून भांडण्याची जय्यत तयारी करून निघालेल्या आम्हा तिघांचाही आवाज काही मिनिटे बसला होता, हे नमूद केले पाहिजे.

बाकी वेळ मात्र बसला नव्हता. इंजिनिअरांची तक्रार त्यांच्या धंद्याला धरून होती. मूळ एंटरप्राइजची इंजिनखोली स्वच्छ व गूढ होती. नव्या चित्रपटात ती पाहताच ते खुर्चीतच पुढे सरकले व ही भट्टी आहे, मद्याची भट्टी, असे इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या रांगेतील मुलांनी मागे वळून पाहिले. पुढे खरोखरच कळले की ते चित्रण लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस येथील बडवायझरच्या बिअर कारखान्यात झाले होते. तेव्हापासून ते कोणत्याही विषयावर बोलताना, आपण टाक्या व नळ पाहून गुन्हा ओळखला होता, याचे स्मरण देतात. अव्वल कारकुनांचे दुःख निराळे होते. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, आणि दर दोन मिनिटांनी पडद्यावर आडवी चमकणारी जी प्रकाशाची तिरीप अब्राम्सने हौसेने पेरली आहे, ती आपल्या डोळ्यात बसविलेल्या नव्या भिंगाचा दोष आहे, असे समजून ते मध्यंतरात चिंतातुर होऊन बसले होते.

परंतु डोळ्यांचे दुखणे सोसूनही जे त्यांना सोसवले नाही ते कर्कच्या बढतीचे प्रकरण. ज्या माणसाने अव्वल कारकुनाच्या खुर्चीत बसून नायब तहसीलदारीची वाट पाहत निवृत्तीचा दिवस गाठला, त्याच्यापुढे तुम्ही असा तरुण आणता की जो अद्याप उमेदवार आहे, ज्याने परीक्षेत लबाडी केली आहे, लबाडी करताना वर सफरचंद खाल्ले आहे, ज्याची त्याबद्दल चौकशी सुरू असून जो निलंबित आहे, ज्याला एका डॉक्टर मित्राने लस टोचून आजारी पाडून वैद्यकीय सबबीखाली जहाजावर चढविले आहे. आणि चित्रपटाच्या शेवटी त्याला थेट कॅप्टन करता! “सेवाज्येष्ठतेची यादी नाही? गोपनीय अहवाल नाही? चौकशीचा निकाल कुठे आहे?” असे ते बाहेर पडताना रखवालदारालाच विचारीत होते. ग्रह वाचविल्याबद्दल झालेली बढती आहे, असे पुतणीने सुचविले. “ग्रह वाचविल्याबद्दल फार तर एक आगाऊ वेतनवाढ!” ते म्हणाले.

माझी स्वतःची तक्रार स्पॉकविषयी होती. झॅकरी क्विंटोने भुवई उत्तम सांभाळली. परंतु स्पॉकने उद्वाहकात सहकारी उहुराच्या खांद्यावर दुःखाने मान टेकावी आणि पुढे सर्वांदेखत कर्कचा गळा आवळावा, हे पाहून ज्याच्या संयमाचा दाखला देऊन आम्ही लहान भावंडांना दटावले, तो स्पॉक हा नव्हे, असे मी ठामपणे बोललो.

“काका, मूळ मालिकेचा पहिला नमुनाभाग पाहिलात का?” पुतणीने विचारले. “त्यात तुमचा स्पॉक गुणगुणणारी झाडं पाहून चक्क दात दाखवून हसतो. दुसऱ्या नमुनाभागात कर्कच्या थडग्यावर नाव कोरलंय जेम्स आर. कर्क, टी. नाहीच. आणि १९८२ च्या चित्रपटात खलनायक खान जहाजावरच्या चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो, पण मालिकेत खान आला तेव्हा चेकॉव्ह भरतीच झाला नव्हता.”

“तो तेव्हा जहाजाच्या खालच्या मजल्यावर होता,” अव्वल कारकून तत्काळ म्हणाले.

या एका वाक्यात आमच्या पंथाचे अवघे न्यायशास्त्र प्रकट झाले. जुन्या दप्तरातील खाडाखोड आम्ही इतक्या वर्षांच्या वहिवाटीने, नाना स्पष्टीकरणे लावून, स्वखुशीने कायम करून दिली होती. नव्या दप्तरात स्वल्पविराम हलला की आम्ही फिर्याद लावीत होतो. पुतणीचे म्हणणे खोडता येईना, म्हणून मी चहा मागविला.

२०१३ च्या दुसऱ्या चित्रपटाने मात्र पुतणीलाही आमच्या बाजूस आणून बसविले. १९६७ च्या मूळ कथेत खान नूनियन सिंग हा उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख असावा, असे एक अधिकारी स्त्री सांगते. आणि ते काम रिकार्डो माँटाल्बान या मेक्सिकन नटाने अशा रुबाबात केले होते की आमच्या वाड्यातील कोणी त्याच्या वतनाची चौकशी केली नाही. नव्या चित्रपटात हाच पुरुष बेनेडिक्ट कंबरबॅचच्या रूपाने अस्सल विलायती होऊन आला, तेही प्रदर्शनापूर्वी हा खान नव्हेच अशी ग्वाही देऊन. पुढे १९८२ चा तो सुप्रसिद्ध मृत्यू उलटा करून मांडला: काचेपलीकडे मरतो कर्क, आणि खानच्या नावाने गळा काढतो स्पॉक. येथपर्यंत मी डोळे मिटून घेतले असते, परंतु लगोलग खानचेच रक्त टोचून कर्कला उठविले, तेव्हा पुतणी म्हणाली, “स्पॉक ब्याऐंशी साली गेला तो चौऱ्याऐंशीत परत आला. दोन वर्षं तरी सुतक पाळलं होतं लोकांनी. यांनी दहावंसुद्धा होऊ दिलं नाही.” त्याच वर्षी लास वेगासच्या मेळाव्यात जमलेल्या भक्तांनी सर्व चित्रपटांची क्रमवारी लावून यास तळाशी बसविले, हे वृत्त वाचून अव्वल कारकुनांनी कूळ जागे असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. माझेही मत तेच आहे. पात्र बदलल्याचा राग मी गिळू शकतो. पात्राच्या मरणाची किंमत उतरविणे हा मला खरा अपराध वाटतो.

२०१६ च्या तिसऱ्या चित्रपटात एंटरप्राइजवरील सुलूला पुरुष जोडीदार व एक मुलगी दाखविली, ती मूळ सुलू जॉर्ज टाकेई यांच्या सन्मानार्थ. आणि हरकत घेतली ती खुद्द टाकेई यांनी, की हे रॉडनबेरीच्या मूळ कल्पनेस सोडून आहे. ज्याच्या नावाने सनद काढावी त्यानेच ती परत पाठवावी, असा प्रसंग पाहून आम्ही थक्क झालो. लेखकांपैकी एक असलेल्या सायमन पेगने आदरपूर्वक असहमती नोंदविली. दोघेही सभ्य गृहस्थ असल्याने प्रकरण लवकर मिटले, याचे आमच्या मंडळास किंचित वाईट वाटले.

त्यानंतर या नव्या मंडळींचा चौथा चित्रपट वारंवार जाहीर झाला आणि वारंवार बारगळला. अव्वल कारकुनांनी दुसऱ्या चित्रपटानंतरच यापुढे या लोकांचे तोंड पाहणार नाही अशी शपथ वाहिली होती. हल्ली ते दर महिन्याला, काही कळले का, म्हणून विचारतात. गेल्या पंधरवड्यात त्यांनी पॅरामाउंटच्या नावे एका अर्जाचा मसुदा तयार केला असून आम्हा तिघांच्या सह्या मागितल्या आहेत. अर्जात कलमे दोन: पहिले, चौथा चित्रपट विनाविलंब काढण्यात यावा, दुसरे, काढल्यास तो मान्य करणे अर्जदारांवर बंधनकारक राहणार नाही. इंजिनिअरांनी तिसरे कलम इंजिनखोलीविषयी घालण्याचा आग्रह धरल्यामुळे सह्या तूर्त तहकूब आहेत.