भिंत नको, वही दाखवा

जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा चांगली की वाईट, हे कशावरून ओळखायचे? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले. नवा रंग लागलाय. भिंतींवर बोलकी चित्रे आहेत. वर्गात स्मार्ट टीव्ही आहे. दारात कमान उभी राहिलीय.

मुलांना काय येते, हे या उत्तरात कुठेच नाही.

सहावी ते आठवीच्या वर्गांची तर कुणी चौकशीही करत नाही. लहानांच्या वाचनासाठी ‘निपुण भारत’ आहे. दहावीला बोर्ड आहे, निकाल आहे, पेढे आहेत. मधल्या तीन वर्षांचे काय? अपूर्णांक आणि शेकडेवारी याच वर्षांत पक्की व्हायची असते, बीजगणित याच वर्षांत भेटते, इंग्रजीची वाक्ये याच वर्षांत लांबतात. पोरगा कामाला जुंपला जातो तोही याच वर्षांत. मुलीचे ‘शाळा पुरे आता’ घरात पहिल्यांदा ऐकू येते तेही याच वर्षांत. शिक्षणाची गाडी इथे घसरते आणि आपण अपघात दहावीत शोधतो.

त्यात आठवी कुणाची, हेही आपल्याकडे नीट ठरलेले नाही. शिक्षण हक्क कायदा सांगतो, सहावी ते आठवी हा एक टप्पा. महाराष्ट्राची जुनी घडी चौथी, सातवी, दहावी अशी. म्हणून कितीतरी गावांत शाळा सातवीला संपते आणि आठवीसाठी मूल हायस्कुलात जाते. पोराला भागाकार येत नाही, तर दोष कुणाचा? हायस्कूल म्हणते, आला तेव्हाच कच्चा होता. खालची शाळा म्हणते, आमच्याकडून तर गेला.

एकेकाळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा. आजच्या सातवीला काय येते, याची खात्री कोण देणार?

दर्जा मोजण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आधी ‘शाळासिद्धी’ आली. तिच्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके होती. मग राज्याचा नवा गुणवत्ता आराखडा आला. त्यात १२८ मानके. प्रत्येक मानकापुढे शाळेने स्वतःची श्रेणी स्वतःच ठरवायची आणि पुरावे अपलोड करायचे. पुरावे म्हणजे मुख्यतः फोटो आणि कागद. ते जमवायचे कुणी? ज्याने त्या तासाला गणित शिकवायचे होते, त्यानेच.

शिक्षक फोटो काढत असतो तेव्हा वर्गात कोण असते?

राज्यांनाही गुण देण्याची केंद्राची पद्धत आहे. २०२०-२१ च्या क्रमवारीत महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळाले आणि केरळ, पंजाबच्या जोडीने आपण सर्वांत वर होतो. आनंद झाला. आता त्या हजार गुणांची वाटणी बघा. अध्ययन निष्पत्ती आणि गुणवत्ता यांना १८०. प्रशासकीय प्रक्रियांना ३६०. मुलाला काय येते याच्या दुप्पट मोल कार्यालय कसे चालते याला. नंतर ही रचना बदलली आणि आपले आकडेही खाली आले.

मुलांना येते काय, ते ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी सांगते. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांना भागाकार जमला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचे, एवढेच. चौथीच्या आसपासचे गणित. २०१८ मध्ये हाच आकडा ४४ च्या घरात होता. या सहा वर्षांत किती ॲप आली, किती पोर्टल आली, किती अभियाने झाली?

भागाकार जागचा हलला नाही.

या आकड्यात खासगी शाळांतली मुलेही आहेत. तेव्हा टाय, बूट आणि पिवळी बस पाहून ज्यांनी फी भरली, त्यांनीही आपल्या पोराला एक भागाकार घालून बघावा.

आता मुख्य प्रश्न. शाळेत गणिताचा शिक्षक आहे का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्वच्छ लिहिले आहे: वर्गामागे किमान एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक, पस्तीस मुलांमागे एक, शंभरच्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. संदिग्ध असे त्यात काही नाही. मग तालुक्यातल्या केंद्रशाळेत जा आणि विचारा, सहावी-सातवीला विज्ञान कोण शिकवते. कित्येक ठिकाणी भाषेचे गुरुजीच विज्ञान ‘ओढून नेतात’. हा शब्द शिक्षकांचाच आहे. त्यांचा दोष नाही, पद रिकामे आहे.

आणि राज्याचा १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचा, निर्णय? त्याच्या निकषांत सहावी ते आठवीच्या गटाचा पट वीसच्या खाली गेला की मंजूर शिक्षक शून्य.

शून्य.

वाडीत अठराच मुले असतील तर शाळेत अठराच येणार. तो शाळेचा गुन्हा आहे का? कायदा म्हणतो, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा हवी. आहे ती टिकवायची नाही, मग ही हवी असलेली शाळा कुठून आणणार? आधी शिक्षक काढायचा, त्यामुळे पट घसरायचा, मग घसरलेला पट दाखवून शाळेच्या दर्जावर बोट ठेवायचे. अशा शाळेचे मूल्यमापन करण्याआधी ज्याने शिक्षक काढला त्याचे करा.

शिक्षक पात्र हवा, यात वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना तेवढी सवलत दिली. ठीक आहे. पण टीईटी पास झालेला शिक्षक मतदार यादी घेऊन दारोदार फिरत असेल, तर त्याच्या पात्रतेचा सातवीला काय उपयोग? कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामे ठेवली आहेत. निवडणुकीचे काम मात्र वर्षभर संपत नाही.

शाळेच्या दारातला दुसरा देखावा म्हणजे शिष्यवृत्तीधारकांचा फलक. सोनेरी अक्षरांत पाच-सहा नावे. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गरीब घरात ही रक्कम छोटी नाही. पण फलक वाचून झाला की वर्गात जा. सहा मुलांचे जादा तास चालू होते, तेव्हा उरलेली तीस काय करत होती? शाळेचा दर्जा शेवटच्या बाकावर ठरतो. पहिल्या बाकावरचा पोरगा शाळा नसती तरी वाचायला शिकला असता.

प्रगतिपुस्तक बघून काही कळेल का? अवघड आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले, तेव्हा कल्पना सुंदर होती: प्रत्येक मुलाचे वेगळेपण शिक्षकाने टिपायचे, त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचे. मग तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘चर्चेत सहभागी होतो.’ ‘नीटनेटके लेखन करतो.’ ‘प्रश्न विचारतो.’ अख्ख्या वर्गाला तीच वाक्ये. जो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही, त्याच्याही नावापुढे ‘प्रश्न विचारतो’. त्याचे गप्प बसणे कुणाच्या लक्षात आले नाही, हे त्या ओळीतून कळते.

म्हणून म्हणणे एवढेच, वही उघडा. सातवीच्या निबंधाच्या पाच वह्या शेजारी शेजारी ठेवा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाचही वह्यांत एकाच वाक्याने सुरू होतो? पाचही जण एकाच झाडाखाली भिजले? मग तिथे निबंध फळ्यावरून उतरवला जातो. उलट एखाद्या वहीत शेळी ओढ्यापलीकडे अडकल्याची हकिगत असेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असेल, आणि खाली बाईंनी लाल शाईने ‘मग शेळी घरी कशी आणलीस?’ असे विचारले असेल, तर डोळे मिटून मूल त्या शाळेत घाला. रंग उडालेला असू द्या.

गणिताच्या वहीत खोडलेले शोधा. चुकलेले उदाहरण, त्याखाली पुन्हा केलेले, तेही चुकलेले, मग जमलेले. सगळी वही स्वच्छ आणि सगळीकडे बरोबरची खूण असेल तर काळजी करा.

वाचनालयाचे कपाट उघडा. पुस्तकांची पाने दुमडलेली, मुखपृष्ठ सुटलेले, आत कुणीतरी पेन्सिलीने नाव घातलेले असे दिसले तर उत्तम. करकरीत पुस्तके, कुलूपबंद पेटी आणि ‘मुले फाडतात हो’ हे उत्तर मिळाले तर तुम्हाला कळायचे ते कळले.

आणि जायचे कधी? २६ जानेवारीला नको. जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी जा, दुपारच्या सुट्टीनंतर. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का बघा, कडी लागते का बघा. सातवी-आठवीच्या मुलीची हजेरी पुष्कळदा त्या कडीवर ठरते.

हजेरीचा विषय निघालाच आहे तर पटाबद्दलही बोलू. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावे रजिस्टरात होती आणि मुले वर्गात नव्हती. आता आधार जोडणी आहे, त्यामुळे नाव खरे असते. मूल कुठे असते? बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. सहावीतली पोरगी बरोबर जाते. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते. गावातल्या शाळेत तिचे नाव शाबूत असते आणि वर्षअखेरीस ती पुढच्या वर्गातही जाते. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे. एखाद्या शाळेचे गुरुजी सप्टेंबरातच घरोघर फिरून आजीला, चुलतीला गळ घालतात, पोरांना गावातच ठेवून घेतात, वसतिगृह वेळेत सुरू व्हावे म्हणून पंचायत समितीत खेटे घालतात. ही मेहनत १२८ मानकांच्या कोणत्या रकान्यात मावणार? माझ्या लेखी ती राज्यातली पहिल्या क्रमांकाची शाळा.

आठवीला आता परीक्षेचा धाकही आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पुनर्परीक्षेतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात. तीन वर्षे गणिताचा शिक्षक दिला नाही आणि तिसऱ्या वर्षी मुलाला गणितात नापास केले. यात नापास नक्की कोण?

आदर्श शाळांची उदाहरणे लगेच पुढे येतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातली वाबळेवाडीची शाळा गाजली, पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने जागतिक पुरस्कार आणला. दोन्ही शाळांच्या मागे एकच माणूस, दत्तात्रय वारे गुरुजी. त्यांचे मोठेपण मान्यच. पण गुरुजी बदलले की दर्जा त्यांच्याबरोबर जाणार असेल, तर ती व्यवस्था कसली? चांगली शाळा मिळणे हा गावाच्या नशिबाचा भाग असता कामा नये.

तेव्हा पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. कायद्याने या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरी येते आणि सही होते. या वेळी रजिस्टरला घरी येऊ देऊ नका. बैठकीत बसा आणि विचारा: सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे का? नसेल तर कधीपासून नाही? गेल्या वर्षी आठवी झालेल्यांपैकी नववीत कोण गेले नाही, नावे सांगा. पद रिकामे असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे ठराव लिहून घ्या आणि त्याची पोच मागून घ्या. तुमचे मूल त्या शाळेत नसले तरी जा. शाळा तुमच्या पैशांवर चालते.